मारोतरावचे कान

नागपूरच्या सदर भागात माझ्या दादाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोक म्हणत, "रेडिओ बिघडला? मारोतरावकडे जा. त्याच्यासारखे कान अख्ख्या नागपुरात कोणाले नाही." हे ऐकलं का मले हसू ये, आणि मंग त्या हसण्याचाच राग ये. कारण माझा दादा ठार बहिरा होता.

आता लपवून का करू? दादा गेला, दुकानही गेलं. पण मी सांगून राहिली ती गोष्ट दादाची नाही, माझ्या वहिनीची आहे, सत्यवतीची. लोकांनी ज्या कानांची तारीफ केली ते कान तिचे होते. तिचं नाव मात्र एकाही माणसानं कधी तोंडातून काढलं नाही.

दादा जन्माचा बहिरा नव्हता. अडुसष्ट साली त्यानं दुकान टाकलं आणि दुसऱ्याच वर्षी त्याले छातीचा रोग झाला. डॉक्टरनं सुया लिहून दिल्या, रोज एक, महिनोन्‌महिने. त्या सुयांनी छाती वाचली, पण कान गेले. पहिले घड्याळाची टिकटिक गेली, मंग चिमण्या गेल्या, आणि एक दिवस मी त्याच्या पाठीमागून तीनदा हाक मारली तरी त्यानं वळून पाहिलं नाही. आईबाप आधीच गेले होते. घरात आम्ही तिघंच, दादा, वहिनी आणि मी. वहिनी त्या दिवशी खूप रडली. मंग तोंड धुतलं आणि म्हणाली, "कोणाले सांगाचं नाही."

खरंच होतं तिचं. बहिऱ्याकडे रेडिओ कोण नेऊन देईल बाप्पा? झाकली मूठ सव्वा लाखाची. तोड वहिनीनंच काढली, आणि त्या तोडीत स्वतःच जाऊन अडकली.

दुकानाच्या मागं एकच खोली होती, तिथंच आम्ही राहत होतो. मधात एक पडदा. पडद्याच्या मागं वहिनीनं स्टूल मांडला. एक काळी दोरी पडद्याखालून, टेबलाखालून नेऊन दादाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याले बांधली. रेडिओ घूं-घूं करत असला तर एक झटका. खरखर असली तर दोन. आवाज साफ झाला का तीन. बाकी सारं दादाले येत होतं. कोणता व्हॉल्व्ह बसला, कुठं कथलाचा टाका सुटला, एरियलची तार कुठं तुटली, मीटर लावून तो बरोबर काढे. स्पीकरच्या कागदावर बोट ठेवलं का आवाज येते का नाही हेही त्याले समजे. पण तो आवाज गाण्याचा का कचऱ्याचा, हे बोटाले कसं समजावं? ते वहिनी सांगे.

गिऱ्हाईक बोललं का दादा ओठ पाही. नाही समजलं तर बोट वर करून म्हणे, "थांबा, ऐकू द्या," आणि रेडिओवर वाकून बसे. गिऱ्हाईक बिचारं श्वास रोखून उभं राही. का सांगू तुम्हाले, मोठमोठे साहेब त्या बहिऱ्यापुढं गपगार उभे राहत!

एका उन्हाळ्यात कृष्णकांत वकिलाचा रेडिओ तीनदा आला. घरी खरखर करे आणि दुकानात आणला का कोकिळेसारखा गाये. वकील संतापले. "मारोतराव, तुम्ही मले खुळ्यात काढून राहिले का?" दादा डोकं धरून बसला. सारे व्हॉल्व्ह त्यानं बदलून पाहिले होते. वहिनीनं पडद्याआडून विचारलं, "वकीलसाहेब, हे मघा विचारत होते का खरखर कधी होते?" वकील म्हणाले, "दुपारी. बारा ते पाच." मंग वहिनी म्हणाली, "दुपारी असली तर कूलर बंद करून पाहा, असं हे म्हणत होते." वकील गेले आणि संध्याकाळी पेढे घेऊन आले. दोष रेडिओत नव्हताच. खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावलेल्या त्या कूलरची मोटर रेडिओच्या बाजूलेच घरघरत होती. नागपुरात उन्हाळ्यात साहेबलोकांचं घर कूलरशिवाय नाही, आणि हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पेढे दादाच्या हातात दिले. म्हणाले, "घरी न येता बिमारी ऐकली तुम्ही! धन्य तुमचे कान." वहिनी आत पोळ्या लाटून राहिली होती.

दुकान उघडं म्हणजे वहिनी बंद. नळावर जाचं तर दुकान उघडाच्या आधी. शेजारीण बोलावे, "चला वं, सिनेमाले जाऊ," तर वहिनी म्हणे, माझं डोकं दुखते. चार वर्षांत तिची इतकी डोकेदुखी झाली का मोहल्ल्यात लोक तिले बिमार समजू लागले. सख्ख्या बहिणीच्या लग्नाले गेली ती सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आणि ही बाई कोण? तिच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली पोरगी. वर मास्तरकीचं शिक्षणही घेतलेली. लग्नाआधी तिनं नोकरीचा अर्ज करून ठेवला होता, नंतर दरवर्षी करत होती. मी चिडवत होती तिले, "वहिनी, तुझा अर्ज उंदरानं खाल्ला."

त्र्याहत्तर सालच्या जूनमध्ये ऑर्डर आली. कळमेश्वरच्या पलीकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. शुक्रवारी शाळा सुटाच्या आत हजर व्हा, नाहीतर नेमणूक रद्द. वहिनीनं तो कागद तीनदा वाचला, घडी केला, परत उघडला. मी तिले इतकी खूश कधी पाहिली नव्हती. नवी कोरी चप्पल आणली तिनं. दादानं कागद वाचला आणि मोठ्यानं म्हणाला, "जा. मी पाहून घेईन." बहिऱ्याले आपला आवाज किती मोठा आहे हे समजत नाही. त्या दिवशी तो जेवला मात्र नाही.

एसटीनं जाऊन-येऊन करता आलं असतं, पण सकाळी गेलेली वहिनी संध्याकाळी येणार, आणि सदरचं गिऱ्हाईक सारं दिवसाचं, कचेरीतलं. तेवढा वेळ पडद्यामागं कोण बसणार?

मी. दुसरं कोण?

मी तेव्हा एकोणीसची होती, घरीच होती. वहिनीनं आठ दिवस मले शिकवलं. "डोळे मिट वं शोभा. ही घूं-घूं आहे, विजेच्या तारेची. ही खरखर, कोणतातरी टाका हालून राहिला. आता हे ऐक, स्टेशन आलं पण पाठीमागं बारीक वाळू पडून राहिली, हेही दोनच झटके." मले सारं येत होतं. चौथ्या दिवशीच येऊ लागलं. वहिनी म्हणाली, "तुझे कान माझ्यापेक्षा तेज आहे." आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

पण त्या आठ दिवसांत मले दुसरंही काही समजलं. त्या स्टुलावर बसलं का समोर पडदा, मागं भिंत. पंखा दुकानात, आत नुसती वाफ. संडासले जाचं तर दादाले खूण करा. शिंकू नका, खोकू नका. दिवसभर कानात ती खरखर, आणि रात्री झोपल्यावरही तीच. मैत्रिणी रस्त्यानं हसत गेल्या का त्यांचा आवाज पडद्यातून येई. मी विचार करू, वहिनी नोकरीले लागली का मंग मी इथून सुटणार कधी? माझं लग्न? दादाची बहीण गेली तर दादाचे कान गेले. कोण मले जाऊ देईल? पण हे वहिनीले सांगाची माझी हिंमत झाली नाही. तिनं चार वर्षं केलं आणि मी आठ दिवसांत रडू? लाज वाटे.

शुक्रवार आला. दहाची एसटी होती. वहिनी नवी चप्पल घालून, पिशवी घेऊन तयार. म्हणाली, "पहिलं गिऱ्हाईक तू एकटी सांभाळ. मी समोर रस्त्यावर उभी राहतो. जमलं का मी तशीच निघतो." नऊ वाजता नत्थूजी आले. चौकात त्यांचा पानठेला होता. "जयभीम मारोतराव," म्हणून त्यांनी रेडिओ टेबलावर ठेवला. "पानठेल्यावर गर्दी होते ती याच्यामुळं गा. लवकर करून द्या."

दादानं रेडिओ खोलला, मी पडद्याच्या फटीतून पाहून राहिली होती. मी दोन झटके दिले. त्यानं एक टाका पक्का केला. परत दोन. त्यानं एक व्हॉल्व्ह काढून, पाय घासून, परत बसवला. आणि रेडिओ लागला. काय साफ लागला! बाई गाऊन राहिली होती, तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तीन झटके द्याचे होते. एवढंच कराचं होतं मले.

मी दोन दिले.

दादानं मान खाली घालून परत टाके तपासणं सुरू केलं. नत्थूजी म्हणाले, "अहो, वाजून तर राहिला चांगला!" दादाचं डोकं रेडिओत, त्याले कुठून ऐकू येणार? तो म्हणाला, "खरखर आहे अजून." नत्थूजी चकित. "कुठं आहे खरखर? मारोतराव? अहो मारोतराव!" त्यांनी दोनदा टाळी वाजवली, तरी दादा वर पाहेना. एका क्षणात सारं उघडं पडणार होतं. दोरी माझ्या हातात होती, तरी तीन झटके काही मी दिले नाही. देवाशपथ म्हणावं तर आम्ही देव मानत नाही. माझ्या मनाशपथ, माझा हातच उठला नाही.

तेवढ्यात वहिनी रस्त्यावरून आत आली. हसत आली! "नत्थूजी, रागावू नका. बारीक खरखर असते, ती यांच्याच कानाले ऐकू येते. ती गेल्याशिवाय हे रेडिओ सोडत नाही." नत्थूजींनी दादाले हात जोडले. त्या दिवसापासून त्यांनी साऱ्या सदरभर सांगितलं, का जे आपल्याले ऐकू येत नाही ते मारोतरावले ऐकू येते. दुकानाचं नाव आणखी वाढलं. याले का म्हणावं, तुम्हीच सांगा.

नत्थूजी गेले. वहिनी आत आली. दहा वाजून गेले होते. मले वाटलं, ती मले झापड मारेल. तिनं विचारलं, "ऐकू येत नाही का तुले, शोभा?"

मी म्हणाली, "नाही वहिनी. मले समजतच नाही."

बाराची एक एसटी होती. तीही वेळेवर पोचली असती. वहिनी नवी चप्पल पायात तशीच ठेवून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसून राहिली. मी समोर तांदूळ निवडून राहिली. दोन तास आम्ही दोघी एकमेकींसमोर बसून होतो. एकच वाक्य पाहिजे होतं. "जा वहिनी, मी बसतो." ते माझ्या तोंडापर्यंत आलं आणि मी ते गिळलं, एकदा नाही, शंभरदा. आलेले रेडिओ दादा नुसते ठेवून घेत होता. पडद्यातून तो दोनदा डोकावला. वहिनीकडे पाहून परत टेबलाकडे गेला. गिरणीचा बाराचा भोंगा झाला. मंग वहिनीनं चप्पल काढली, पिशवी खुंटीले लावली आणि स्टुलावर जाऊन बसली.

दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं, मी चंद्रपूरले गेली. वहिनी तिथंच. ट्रान्झिस्टर आले, टेपरेकॉर्डर आले, त्यांचीही खरखर तिनंच ऐकली. अर्ज कराचे तिनं सोडून दिले. पंच्याऐंशीत दादा गेला, तोवर पुरे सोळा वर्षं ती पडद्यामागं बसली. मयतीले आलेले लोक म्हणत होते, "असे कान परत होणार नाही." वहिनी खाली पाहून ऐकत होती.

पंधरा दिवसांनी सारे पाहुणे गेले. आम्ही दोघीच होतो. मले राहवलं नाही. मी म्हणाली, "वहिनी, त्या शुक्रवारी मले ऐकू येत होतं. साफ येत होतं. मी मुद्दाम दोन झटके दिले." आणि मी तिच्या पायावर पडून रडली.

वहिनी म्हणाली, "मले माहीत आहे. रस्त्यावरसुद्धा गाणं साफ येत होतं."

मी चमकून वर पाहिलं. मले रागच आला, खरं सांगतो. बारा वर्षं मी जळली, आणि हिले माहीत होतं! मी ओरडली, "मंग तेव्हा बोलली काहून नाही तू? बाराची गाडी तर होती!"

"बोलली असती," वहिनी म्हणाली, "तर त्या स्टुलावर तू बसली असती ना वं."