मांजरीशी अबोला

मी एकदा मांजरीशी चार दिवस अबोला धरला होता. हे लिहिताना हसू येतं, आणि पुरतं यायच्या आधीच ते गिळावं लागतं. तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते. म्हणजे आजच्या मानाने तरुणच, आणि तरुणपणी माणसाला सगळं कळत असतं.

अबोला ही माझी जुनी विद्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी पाहुण्यांसमोर "आईच्या हातचं वांगं वेगळंच" एवढंच म्हटलं, तर मी अकरा दिवस तोंड उघडलं नव्हतं. स्वयंपाक झाला की दाराच्या चौकटीला सांगायची, "म्हणावं, ताट वाढलं आहे." चौकट निरोप पोचवायची. बाराव्या दिवशी ह्यांनी हात जोडले आणि त्या एकोणीस वर्षांच्या शहाणीला वाटलं, आपण जिंकलो. अकरा दिवस ह्यांना काय वाटलं असेल, हे विचारायचं तिला सुचलं नाही. मला सुचलं तेव्हा विचारायला ते राहिले नव्हते.

मांजर ह्यांनीच आणलेली. वरठीच्या कारखान्यातून पहिली पाळी करून सायकलने येताना डब्याच्या पिशवीत घालून आणली. पिशवी उघडली तर ते पिल्लू डब्यातला उरलेला भात खाऊन डब्यातच झोपलेलं. ह्यांच्यामागे पाच वर्षं ती माझ्याजवळ राहिली. वय चौदा, शेपटीच्या टोकाला गाठ. घरात सगळे तिला बुढी म्हणत. मी कुठूनही परत आले की ती फाटकापाशी बसलेली असायची आणि माझ्या पायांत घोटाळत सपरीपर्यंत, म्हणजे पुढच्या पडवीपर्यंत, यायची.

त्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी मी नागपूरला आठ दिवस गेले होते. परत आले तर फाटकापाशी कोणी नाही. बुढी सपरीत भिंतीला पाठ लावून बसली होती. मी समोर उभी राहिले. तिनं मान वळवली, ती माझ्याकडे नाही, भलतीकडेच. तिच्यासाठी नागपूरहून सुके झिंगे आणले होते. ते बशीत टाकले, तर तिनं बशीच्या बाजूची जमीन हुंगली आणि तशीच बसून राहिली.

मी सुनेला म्हटलं, "पाह्य, कशी रुसली माह्यावर."

सून म्हणाली, "रुसली नसन, आई. दोन दिवसांपासून तिचं काहीतरी बिघडलं वाटते. भिंतीले लागून लागून चालून राहिली."

"काही बिघडलं नाही. मले दाखवून राहिली. रुसता काय तिलेच येते?"

आणि मी बोलणं बंद केलं. एरवी सकाळी उठल्यापासून मी तिच्याशी काही ना काही बोलत असायची, चहा उतू गेल्याचं, गुडघे दुखल्याचं. ते सगळं थांबवलं. वर आणखी शहाणपण म्हणजे तिची पाण्याची वाटी कोपऱ्यातून उचलून मोरीजवळ नेऊन ठेवली. पाणी पाहिजे असेल तर येईल माझ्यासमोरून, असा हिशेब.

ती आली नाही. वाटीच्या रिकाम्या जागी जाऊन उभी राहायची आणि भिंतीकडे तोंड करून ओरडायची. तो आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता, लांबलचक, शेवटी चढत जाणारा. मी तांदूळ निवडत बसायची आणि मनात म्हणायची, ओरड, मीही काही कमी नाही. ती खाटेवर उडी मारायला जायची आणि अर्ध्यात आपटायची. दुसऱ्या दिवशी तिनं तांदळाचं पोतं मुतून ओलं केलं. जन्मात असं केलं नव्हतं तिनं. मला तोही रागच वाटला. सून मुकाट्यानं वाटी कोपऱ्यात ठेवायची, मी पुन्हा मोरीजवळ न्यायची.

चौथ्या दिवशी सकाळी मी सपरीत सूप घेऊन बसले होते. बुढी माझ्या समोरून चालत गेली. सपरी अंगणापासून कमरेइतकी उंच आहे. कडेला आली की ती थांबायची, खाली पाहायची, मग पायरीवरून उतरायची, हे मी चौदा वर्षं पाहिलेलं. त्या दिवशी ती थांबलीच नाही. पुढचा पाय तिनं हवेत टाकला, जमिनीवर टाकावा तसा, आणि खाली पडली.

मी सूप टाकून खाली धावले. तिला उचललं. तिचे डोळे उघडे होते, पण दोन्ही बुबुळं भर उन्हात काळी, नुसती काळीच. मी डोळ्यांसमोर हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही.

शेजारीण कुंपणावरून पाहत होती. म्हणाली, "सापानं फूक मारली असन, काकू. मांजरीले सवयच असते त्याच्या तोंडाशी जायची." फूक कोणी मारली ते मला माहीत नव्हतं, पण वाटी कोणी उचलली ते माहीत होतं.

भाजीच्या टोपलीत घालून, वरून लुगड्याचा तुकडा बांधून, मुलाच्या मोटारसायकलवर मी तिला भंडाऱ्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रांगेत दोन शेळ्या आणि खुराला लागलेला एक गोऱ्हा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. डोळ्यांत बॅटरी मारून त्यांनी पाहिलं, मग आत जाऊन कोणाला तरी फोन केला. बाहेर येऊन म्हणाल्या, "आजी, मांजरी आमच्याकडे कमी येतात, म्हणून माझ्या सरांना विचारलं. म्हाताऱ्या मांजरींचा रक्तदाब वाढतो, आपल्यासारखाच. त्यानं डोळ्याच्या आतला पडदा सुटतो. एका रात्रीत दिसेनासं होतं."

गोळीचं नाव त्यांनी लिहून दिलं. तीच गोळी मी रोज सकाळी घेते. तिला त्यातला एवढासा तुकडा. आम्ही दोघी म्हाताऱ्या एकाच पाकिटावर. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी यावर हसले असते.

मी विचारलं, "चार दिवस आधी आणलं असतं तर?"

त्या म्हणाल्या, "नक्की सांगता येत नाही. कधी कधी थोडी नजर परत येते."

डॉक्टरीणबाईंनी खोटं बोलायला हरकत नव्हती. पण बोलल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांचे आभार मानते, म्हणजे आता मानते. त्या दिवशी मोटारसायकलवर मागे बसून मी टोपली पोटाशी धरली होती आणि आत काही हललं की ती आणखी घट्ट आवळत होते.

घरी आल्यावर पाण्याची वाटी कोपऱ्यात ठेवली. खाट उचलून बाहेर काढली, गोधडी खाली अंथरली. गोळीचा तुकडा तुपात कालवून बोटानं चाटवला. हे सगळं केलं, पण तोंडून शब्द निघेना. आता राग नव्हता, लाज होती. काय म्हणायचं तिला? चौकटीशी बोलणारी बाई मी, मांजरीपुढे मुकी झाले. ती गोधडीवर बसून कान इकडे तिकडे फिरवत होती, एक कान दाराकडे, एक माझ्याकडे, आणि मी दोन हातांच्या अंतरावर गप्प बसले होते. संध्याकाळ झाली. मधूनच ती भिंतीकडे तोंड करून तेच ओरडायची.

सून दिवा लावायला आली. बारा वर्षांत तिनं मला कधी शिकवलं नव्हतं. ती दारातच थांबली, बुढीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "आई, तुमी नागपूरवरून आल्या, हे तिले अजून कोणी सांगतलंच नाही."