वरळी, वर बघ

मॅडमना आमची नावं पाठ नव्हती असं नाही. त्यांना ती घ्यायची नव्हती. परळच्या मैदानाच्या कोपऱ्यात सिमेंटचं एक बास्केटबॉल कोर्ट होतं. तिथे जो मुलगा जिथून येई ते त्याचं नाव. माटुंग्याचा तो माटुंगा, माहीमचा तो माहीम. लालबागहून दोघं यायचे, त्यांतला जाडा तो लालबाग आणि दुसऱ्याला त्या नुसतं ‘ए’ म्हणायच्या. मी बीडीडी चाळीतला, म्हणून मी वरळी. माटुंगाला या प्रकाराची गंमत वाटायची. मला वाटत नसे. माटुंगा म्हटलं की लोकांना फुलांचा बाजार आठवतो. बीडीडीतल्या पोराला वरळी म्हटलं की काही लोक मनातल्या मनात त्याचं आडनाव शोधू लागतात. मॅडम गिरगावातल्या जुन्या घरात वाढलेल्या, बोलणं छापल्यासारखं शुद्ध. त्यांच्या तोंडून ‘वरळी’ ऐकताना माझे कान टवकारलेलेच असायचे.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मॅडम मला आवडत नसत. आजही आवडत नाहीत. आयुष्यातून निघून गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की गोडगोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मला या बाबतीत जमणार नाही. शिकवायच्या मात्र त्या जीव तोडून, आणि आमचा जीव काढून.

त्यांची सकाळ ड्रिबलिंगने सुरू व्हायची. फुटपाथचे जुने पेव्हर ब्लॉक कोर्टाच्या लांबीवर ओळीने मांडलेले असत. त्यांच्यामधून नागमोडी टप्पे टाकत जायचं आणि बॉलकडे बघायचं नाही. मॅडम समोरून उलट्या चालत बोटं दाखवायच्या, किती बोटं ते ओरडून सांगायचं. कोणाची नजर खाली गेली की त्या पुढे येऊन एका फटक्यात बॉल उडवायच्या. तो शेजारच्या क्रिकेटवाल्यांत जायचा आणि ते लोक परत द्यायच्या ऐवजी आणखी लांब लाथाडायचे. “वरळी, वर बघ. बॉल म्हणजे काय परीक्षेचा पेपर आहे, सारखा वाचायला?” हे मी इतक्या वेळा ऐकलंय की अजूनही रस्त्याने मोबाइलमध्ये बघत चालताना दचकायला होतं. एकदा मी म्हणालो, मॅडम, ब्लॉकला पाय अडकून पडेन ना. त्या म्हणाल्या, “पड. उताणा पड, म्हणजे तेव्हा तरी वर बघशील.”

उजव्या हाताशी तर त्यांचं वैरच होतं. उजवा हात म्हणजे लाडावलेलं पोर, त्याला सगळं आयतं लागतं, असं त्यांचं मत. कोणाचा डावा हात कच्चा दिसला की त्याने उजवा हात पँटच्या इलॅस्टिकमध्ये खोचायचा आणि सबंध सकाळ डाव्यानेच टप्पे टाकायचे. माझा डावा हात कच्चा होता. किती दिवस मी एक हात कमरेत खोचून त्या कोर्टावर धावलो ते विचारू नका. मैदानात फेऱ्या मारणाऱ्या एका आजोबांनी मला थांबवून विचारलं होतं, बाळा, प्लास्टर कधी निघणार?

शूटिंगचा त्यांचा नियम आम्हाला सगळ्यात जाचायचा. आम्ही फोनवर व्हिडिओ बघून आलेलो, आम्हाला अर्ध्या कोर्टावरून बॉल फेकायचा असायचा. मॅडम आम्हाला रिंगच्या खाली, इतक्या जवळ उभं करायच्या की मान मोडेल. एका हाताने बॉल उचलायचा, मनगट मोडायचं, आणि बॉल बोर्डाला किंवा रिंगला न लागता आत गेला तरच एक पाऊल मागे सरकायचं. चुकला की पुन्हा पुढे. बॉल सुटल्यावर हात हवेत तसाच राहिला पाहिजे. “हात खाली आणायची घाई कसली? बस चुकतेय का?” मी आठवडेच्या आठवडे रिंगच्या सावलीत काढले. लांबून मारायचं कधी, असं माहीमने विचारलं, तर म्हणाल्या, “लांबून कोणीही मारतं. लांबून चुकलं की लाज वाटत नाही ना, म्हणून.”

आणि ती अंडी. शेवटी सगळ्यांनी धापा टाकत फ्री थ्रो मारायचे, आणि मॅडमनी बाकावर बसून डब्यातली उकडलेली अंडी सोलायची. अंडी संपली की प्रॅक्टिस संपली. बॉल आत जात असले तर भराभर सोलायच्या. चुकायला लागले की टवका टवका काढत बसायच्या, मग कागदातलं मीठ, मग मिरपूड. आम्ही पहाटे चहा पिऊन आलेली पोरं, पोटात कावळे ओरडतायत, आणि ही बाई आमच्यासमोर पिवळा बलक हवेत धरून म्हणतेय, “लालबाग, गुडघे वाकव.” आम्हाला कधी अर्धं अंडंसुद्धा मिळालं नाही. लालबागने एकदा धीर करून मागितलं, तर त्याला मैदानाभोवती पळायला लावलं.

तरी खोटं कशाला बोला, एका गोष्टीसाठी मी त्यांच्यावर खूश होतो. समोरच्या नव्या टॉवरमधले एक गृहस्थ तक्रार घेऊन आले, की सकाळी सकाळी टप्प्यांच्या आवाजाने झोपमोड होते. मॅडमनी अत्यंत आदराने विचारलं, आपण कितव्या मजल्यावर, कुठल्या बाजूला? त्यांनीही बिचाऱ्यांनी हात करून खिडकी दाखवली. दुसऱ्या दिवसापासून आमची ड्रिबलिंगची ओळ बरोबर त्या खिडकीच्या दिशेला सरकली आणि प्रत्येकाच्या हातात एकाऐवजी दोन बॉल आले.

आईवडिलांना कोर्टाच्या रेषेच्या आत मज्जाव होता. पालक आले की खेळाडूचा पुन्हा बाबू होतो, असं त्या म्हणत. म्हणून माझी आई एकदा सकाळी थेट रेषा ओलांडून त्यांच्यापाशी गेलेली मी पाहिली तेव्हा माझा टप्पाच चुकला. आई परळच्या एका हॉस्पिटलात नर्स. नाइट ड्युटी संपवून आलेली, खांद्याला पर्स, डोळे लाल. मी ब्लॉकमधून जात होतो. मॅडम ताठ उभ्या, आणि आई बोलता बोलता हात जोडतेय. आईने कोणापुढे हात जोडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. घरी विचारलं तर म्हणाली, सहज गेले होते.

सहज नव्हतं. माझं दहावीचं वर्ष होतं. मार्क काही फार पडणार नाहीत हे विहाराच्या अभ्यासिकेतल्या भिंतींनासुद्धा ठाऊक होतं, आणि आईच्या मनात माटुंग्याचं एक कॉलेज भरलं होतं. खेळाच्या कोट्यातून तिथे शिरायचं तर जिल्हा स्पर्धेत खेळल्याचं सर्टिफिकेट लागायचं. आमच्या क्लबचे बारा जण त्या स्पर्धेला जाणार होते आणि ते बारा मॅडम ठरवणार होत्या. आईला सर्टिफिकेट हवं होतं. मला खेळायचं होतं. कॉलेज गेलं खड्ड्यात, मला पहिल्या पाचात उतरायचं होतं, आणि रिंगखाली काढलेल्या सगळ्या सकाळींचा हिशोब लोकांसमोर चुकता करायचा होता.

बारा जणांत माझं नाव आलं. त्या दिवशी मी परळहून वरळीपर्यंत चालत गेलो, बसमध्ये बसवेनाच.

पहिल्या मॅचला मी बाकावर बसलो. दुसऱ्या मॅचलाही. तिसऱ्या मॅचला आई सुट्टी काढून आली, चाळीतली दहा-बारा माणसं घेऊन आली. मी जॅकेट काढून ठेवलं होतं, बुटाच्या नाड्या दोनदा बांधल्या होत्या. उत्तरार्धात लालबाग पाच फाउल होऊन बाहेर आला. मी उठून उभाच राहिलो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, चांगलं डोळ्यांत पाहिलं, आणि ‘ए’ला आत पाठवलं. मागून आईचा आवाज आला, ती शेजारच्या मावशींना सांगत होती की आता पुढचा हाच. मॅच संपली, आम्ही हरलो, आणि मी घाम न आलेला टी-शर्ट घालून हस्तांदोलनाच्या रांगेत उभा राहिलो. स्पर्धेत मी एक मिनिट, एक टप्पासुद्धा खेळलो नाही.

सगळे गेल्यावर मी मॅडमना गाठलं. मला का उतरवलं नाहीत, असं विचारलं. माझा आवाज चढला होता, त्यांचा नाही.

“तुझी आई आली होती,” त्या म्हणाल्या. “म्हणाली, सर्टिफिकेट तेवढं मिळू दे, नाही खेळवलंत तरी चालेल. सर्टिफिकेट मिळेल तुला. आणखी काय?”

मी हातातला बॉल तिथेच टाकला आणि निघालो. परळच्या कोर्टावर परत पाऊल ठेवलं नाही.

घरी येऊन मी आईवर ओरडलो. तू कशाला गेलीस, कोणी सांगितलं होतं? तिने आधी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, “अरे, बोलायला बोलले मी. आपण काही मागायला जातो तेव्हा असंच बोलतो ना? म्हणून कोणी अगदी तसंच करतं का?”

तिचं बरोबर होतं. आपल्याकडे मागणारा माणूस मागणं लहान करून मागतो. दोन दिवसांची रजा हवी असली तर एक दिवसही चालेल म्हणतो, जेवायला थांबा म्हटलं तर चहा चालेल म्हणतो. समोरच्याने त्यातलं ओळखायचं असतं. मॅडमना ते ओळखता आलं नाही, किंवा ओळखायचं नव्हतं. पुढे आईने स्वतःची समजूत काढली, की त्या बाईला माझ्या सिद्धूला खेळवायचंच नव्हतं, माझं बोलणं नुसतं निमित्त झालं. ती समजूत तिला हवी होती. रात्री भांडी घासताना मध्येच हात थांबवून ती मॅडमना शिव्या घालायची, आणि त्यानंतर तिला जरा बरं वाटायचं.

सर्टिफिकेटने आपलं काम केलं. माटुंग्याचं कॉलेज मिळालं आणि तिथल्या टीममध्ये मी पहिल्या वर्षापासून खेळलो. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी माझे टप्पे बघून विचारलं, मान वर ठेवून दोन्ही हातांनी खेळतोस, हात कोणी बसवला तुझा? मी म्हणालो, यूट्यूबवर बघून शिकलो. असं म्हणताना फार छान वाटलं.

परवा-परवा लालबागचा फोन आला. मॅडम माहीमला एका जुन्या इमारतीत राहायच्या, ती पाडून नवी बांधायची म्हणून रिकामी करत होते, आणि मॅडम कायमच्या नाशिकला बहिणीकडे निघाल्या होत्या. सामान उतरवायला जुनी पोरं जमणार होती. आता आम्हीही चाळ सोडून टॉवरमध्ये राहायला गेलोय, मी नोकरीला लागलोय, रविवारची झोप मला प्यारी आहे. तरी गेलो. मदतीला गेलो असं सगळ्यांना सांगितलं. मला एक प्रश्न विचारायचा होता.

मॅडम स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या. केस पांढरे झालेले, एक गुडघा बांधलेला. मला बघून कसा आहेस वगैरे काही नाही. “वरळी, ती पेटी सरळ धर, काच आहे.” बाकीचे गादी घेऊन खाली गेले तेव्हा मी विचारून टाकलं. माझी आई आली नसती, तर मला खेळवलं असतंत का?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पहिल्या पाचात होतास तू. ती यायच्या आधीपासून.”

मी हातातली पेटी खाली ठेवली. मग म्हणालो, “मग का?”

“मी महिनोन् महिने तुझा हात बसवतेय. तू समोर माझ्या ब्लॉकमधून जातोयस, एकदाही खाली न बघता. आणि ही बाई मला सांगतेय, नाही खेळवलंत तरी चालेल. राग आला मला. तिच्यावरचा राग तुझ्यावर निघाला.”

“तीन मॅच?”

“माझा राग टिकतो,” मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आईला सांग हवं तर.” आणि त्यांनी मला स्वयंपाकघरातलं कपाट दाखवलं. चुकलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी कपाट उचललं. टेम्पो निघाला तेव्हा बाकीची पोरं पाया पडली. मी नाही पडलो.

घरी आलो तर आई सुकटाची चटणी करत होती. मी कुठे गेलो होतो हे तिला कळलं होतं. पाठमोरीच म्हणाली, “गेली का ती? काही बोलली त्या मॅचबद्दल?”

खरं तोंडाशी आलं होतं. तू गेली नसतीस तर मी खेळलो असतो, एवढंच ते खरं होतं, आणि ते आईने उरलेला जन्म भांडी घासताना उगाळत बसायचं होतं.

“बोलली,” मी म्हणालो. “म्हणाली, मी तेव्हा तयार नव्हतो.”

आईने गॅस बंद केला. “तयार नव्हता म्हणे. ह्या लोकांना आपली पोरं कधी तयार दिसली?”

आईचं हे वाक्य खरं ठरलेलं मी ऑफिसात माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मॅडमच्या बाबतीत ते खोटं आहे, हे फक्त मला माहीत होतं. मी ताट वाढून घेतलं. मॅडमचा टेम्पो तोवर कसाऱ्याच्या आसपास असेल. इकडे आई त्यांच्या सात पिढ्या काढत होती, आणि मी खाली मान घालून, हो ना, हो ना म्हणत जेवत होतो.