शिंगवाल्याला मी सांगितलेलं नाव

हे मी कुणापाशी बोलले नाही. ह्यांच्यापाशीही नाही — गावी ह्यांच्या शेवटच्या चार दिवसांत मी उशाशी बसून होते, तरी नाही. लिहिताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून लिहिते. शाळा माझी चौथीपर्यंत. सांभाळून घ्या.

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत आम्ही चौघं — मुलगा, सून प्राजक्ता, नात अन्वी आणि मी. प्राजक्ता कामावर जायची, अन्वी माझ्याकडे असायची. पोर जेवायला फार छळायची. आपल्यात काय करतात? बागुलबुवा येईल म्हणतात. पण इथे जन्मलेल्या पोरीला बागुलबुवा कसा कळणार? एकदा प्राजक्ताच्या फोनवर हिवाळ्यातल्या मिरवणुकीचे फोटो दिसले. शिंगं, लोंबती जीभ, अंगभर केस, हातात फोकांची जुडी. इथली माणसं हौसेने असे मुखवटे घालून फिरतात. मी अन्वीला म्हटलं, हा न जेवणाऱ्या मुलींना घेऊन जातो. ताट साफ. मग रोजच.

पण एवढंच असतं तर मी लिहायला बसले असते का?

पोर त्या फोटोंना घाबरते, इतकंच प्राजक्ताला माहीत. का घाबरते, ते नाही. ती म्हणाली, "आई, आपण तिला मिरवणूकच दाखवू. आत साधे अंकल असतात हे कळलं की भीती जाईल." अन्वी तेव्हा सहा वर्षांची.

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी प्राजक्ताच्या मैत्रिणी आल्या होत्या. मी पोहे देत होते. अन्वी खिदळत म्हणाली, "आजीला रीड करता येत नाही! ती पिक्चर बघून स्टोरी मेक अप करतो!" सगळ्या हसल्या. प्रेमानेच हसल्या असतील. माझी कानशिलं तापली. मला इंग्रजी वाचता येत नाही, हे इतकी वर्षं मी झाकून ठेवलं होतं — तिचं गोष्टींचं पुस्तक सुलटं धरून, पानं वेळेवर उलटून. सहा वर्षांच्या पोरीचा राग धरतात का? मी धरला. दिवसभर.

मिरवणुकीला पोचलो तोवर चारलाच अंधारून आलं. प्राजक्ता चिप्सच्या रांगेत उभी होती. ढोल वाजत शिंगवाले आले, त्यातला एक आमच्यापुढे वाकला. अन्वीने दोन्ही हातांनी माझा हात धरला. "आजी, आत अंकल आहे ना?"

हो म्हणायचं होतं. एवढंच —

मी म्हटलं, "नाही. हा खराच आहे. तुझं नाव मीच सांगितलंय त्याला." तिची बोटं एकेक करून सोडवली. आणि पाठीला हात लावून तिला पुढे — ढकललं. हो. ढकललंच. त्या माणसाला वाटलं फोटो हवा असेल. त्याने तिला उचलून घेतलं.

ती ओरडली नाही.

त्यानंतर शाळेत ती बोलेना. वर्षभर एक शब्द नाही. डॉक्टरांनी विचारलं, तिथे काही घडलं का? प्राजक्ता रडत म्हणाली, "मी चिप्स आणायला गेले होते." मग माझ्याकडे वळून, "थँक गॉड, आई तिच्याजवळ होत्या." मी मान डोलावली. घरी मुलगा तिच्यावर ओरडला, "तुलाच हौस होती ना न्यायची? बस आता घरी!" मी आत भांडी घासत होते. सगळं ऐकू येत होतं. प्राजक्ताने काम सोडलं, ते पुन्हा धरलं नाही.

अन्वी आता पंधराची आहे. बोलते, पण हळू. विसरली असेल? मी खोलीत आले की ती उठून जाते. आईला मात्र तिने सांगितलेलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

काल दुपारी प्राजक्ता माझ्या गुडघ्यांना तेल लावत होती. खाली बघतच म्हणाली, "आई, खरं सांगा. चुकलंच ना माझं तेव्हा?"

मी म्हटलं, "इथे जरा जोरात चोळ."