डावीकडची पहिली खिडकी

गाडी पळत असते तेव्हाही किस्से घडतच असतात, पण सांगत बसायला वेळ कुणाला असतो? आमच्या यात्रा कंपनीच्या ऑफिसात किस्से साठले ते गाडी जागची हलली नाही त्या काळात. आता चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "सांग की लेका, त्या कोरोनातलं काहीतरी." सांगतो. फक्त हसायची घाई करू नका.

ऑफिस म्हणजे कोल्हापुरात स्टँडच्या मागं एक दहा बाय बाराचा गाळा. मालक अण्णा, मूळचे चंदगडकडचे. गाडीवर शब्बीरभाई, जे तीस वर्षं आपल्या लोकांना काशीला नेऊन आणतायत आणि प्रत्येक नव्या प्रवाशाला ऐकवतात, "मी जितक्यांदा काशीला गेलोय, तितक्यांदा तुम्ही रंकाळ्याला गेला नसाल." आणि बुकिंगला मी. एवढाच आमचा संसार.

*

आधी आमचा नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

पूर्वी कुणीही फोन करायचं आणि नाव घालायचं, खोडायचं. एकदा कागलच्या एका जावयानं फोनवरून सासूचं नाव खोडायला लावलं. "आत्तींच्या गुडघ्याला झेपायचं न्हाय" म्हणाला. आम्ही खोडलं. गाडी सुटायच्या दिवशी सासूबाई हजर. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लाडवांचा डबा. जागेवर दुसरंच माणूस बसलेलं. बाई सरळ गाडीच्या पायरीवर बसल्या.

"गुडगं माझं, नाव माझं, आन खोडणारा त्यो कोण?"

दीड तास गाडी हलली नाही. शेवटी अण्णांनी आपली जागा त्यांना दिली आणि स्वतः काशीपर्यंत इंजिनाच्या बॉनेटवर बसून गेले. आल्यावर पाठ शेकता शेकता नियम केला. जागांचा मोठा पुठ्ठ्याचा तक्ता भिंतीवर टांगला आणि वर पाटी रंगवून घेतली: 'ज्याने नाव लिहिले, त्यानेच येऊन खोडावे.' जागा बदलायची असली तरी स्वतः यायचं. फोनवर काही चालणार नाही.

चांगला नियम होता. त्यानंतर एकही भांडण झालं नाही.

*

त्या वर्षी पाडव्यानंतर काशीची गाडी सुटणार होती. तक्ता भरला होता. आणि सगळं बंद झालं.

गाडी एका मोकळ्या जागेत उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून शब्बीरभाई चार दिवसांनी जाऊन इंजिन चालू करायचे आणि पंधरा मिनिटं स्टिअरिंग धरून बसायचे. एकदा आवाज ऐकून पोलीस आला. काठी काचेवर आपटून म्हणाला, "कुठं निघालायसा?"

शब्बीरभाई म्हणाले, "कुठंच न्हाय सायेब. त्येच तर दुखणं हाय."

पोलिसानं काठी खाली घेतली आणि विचारलं, "काशीला किती दिवस लागत्यात हो?" त्याच्या आईचं नाव आमच्याच तक्त्यावर होतं.

*

गाडी परत कधी सोडायची हे कुणीच नीट सांगेना, तेव्हा अण्णांनी देवाला विचारायचं ठरवलं. त्यांच्या गावच्या देवळात कौल लावतात. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देऊळ बंद होतं, पण गुरव रोजच्या पूजेला आत जायचा. अण्णांनी त्याला व्हिडिओ कॉल लावला. पाकळी हलायला लागली आणि बरोबर तेव्हाच रेंज गेली.

दहा मिनिटांनी गुरवाचा फोन आला. "उजवी पडली अण्णा. दिवाळी झाली की गाडी सोडा म्हणतोय देव."

अण्णा खूश. "मग तुझं बी नाव लिवतो. चल आमच्याबरोबर."

गुरव म्हणाला, "मी न्हाय यायचा."

"का रं? देवानं सांगितलंय की."

"देवानं तुमास्नी सांगितलंय अण्णा. मला घरात म्हातारी हाय."

अण्णांनी फोन ठेवला. दिवाळी झाली, गाडी सुटली नाही.

*

आता मास्तरांचं सांगतो. शिरोळचे निवृत्त शिक्षक. तक्त्यावर मधल्या रांगेत त्यांची दोन नावं होती, त्यांचं आणि सुमनकाकूंचं. काकूंना काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही. राहिली आहे ती औषधाच्या थेंबांवर जितकी टिकेल तितकी. डोळे आहेत तोवर गंगा बघायची, एवढी एकच गोष्ट काकूंनी आयुष्यात मागितली होती. मास्तरांनी नाव लिहितानाच हे मला सांगून ठेवलं होतं.

पण मास्तर भलते सावध. पेपर दोन तास उन्हात तापवून मग वाचायचे. दर सोमवारी सकाळी ते फोन करायचे आणि तालुक्यात किती पेशंट आहेत ते सांगायचे. मग फोन काकू घ्यायच्या. त्यांच्या दारातून उसाच्या पलीकडं साखर कारखान्याचं धुराडं दिसायचं. रोज एकाच पायरीवर उभं राहून त्या ते बघायच्या.

"धुराडं हाय बगा. शेजारचं जांभळीचं झाड गेलं."

पुढच्या महिन्यात, "धुराडं एकलंच उभं हाय. बाजूचं सगळं काळं."

म्हणजे मास्तरांचे पेशंट कमी होत होते आणि काकूंचं जग. मी फोन ठेवायचो आणि मनात म्हणायचो, आधी काय संपणार कुणास ठाऊक.

एका सोमवारी मास्तर म्हणाले, "आज तालुक्यात एकही पेशंट नाही."

मी खुर्चीतून उठलोच. "मग सोडूया गाडी?"

"थांबूया अजून दोन आठवडे. शून्य टिकलं पाहिजे."

मागनं काकूंचा आवाज आला, "तुमचं शून्य टिकंल हो. माझं काय टिकतंय ते बगा की."

*

मास्तर थांबले. आम्हीही थांबलो. एकदाची अण्णांनी पुढच्या पाडव्यानंतरची तारीख धरली आणि नेमके पेशंट पुन्हा वाढायला लागले. लोक घाबरून नावं खोडायला यायला लागले. फोनवरून चालत नव्हतं ना! मी अण्णांना म्हणालो होतो, एवढ्या वेळेपुरता नियम बाजूला ठेवूया. अण्णा म्हणाले, "नियम म्हंजे नियम." मी पुढं वाद घातला नाही.

एका दुपारी गाळ्यात आठ माणसं होती. मास्तर एसटीनं आले, तोंडावर दोन मास्क. मला वाटलं, हेही खोडायलाच आले. रांगेत शेवटी उभे राहिले. खुर्चीवर एकजण खोकत होता आणि सगळ्यांना सांगत होता, "जुना खोकला हाय, भिऊ नगासा."

पाऊण तासानं मास्तरांचा नंबर लागला. त्यांनी खिशातलं पेन काढलं. मधल्या रांगेतली दोन्ही नावं एका रेघेत खोडली आणि डावीकडची पहिली खिडकी, जी पाचच मिनिटांपूर्वी कुणीतरी सोडली होती, तिथं फळ्यावरच्या वळणदार अक्षरात काकूंचं नाव लिहिलं. शेजारी स्वतःचं.

"शब्बीरभाईंना विचारून घेतलं," ते म्हणाले. "काशीच्या पुलावर गंगा पहिल्यांदा डावीकडून दिसते म्हणाले."

मी म्हणालो, "अहो मास्तर, पण पेशंट वाढतायत."

"वाढतायत. काल हिला धुराडं सापडायला फार वेळ लागला." मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "सुरक्षित कधी होईल ते मला कळेनासं झालंय. उशीर होतोय तेवढं कळतंय."

मी चहा मागवला. ते नको म्हणत होते. मीच म्हणालो, "आमच्या दारात येऊन चहा न घेता जातासा व्हय?" शेवटी दोन्ही मास्क हनुवटीखाली घेऊन त्यांनी चहा घेतला, त्या खोकणाऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहून. वर्षभरात घराबाहेर त्यांनी तोंड उघडं केलं ते तेवढंच.

कुणाला कुठून काय लागलं ते सांगता येत नाही, असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही.

*

गाड्या परत बंद झाल्या आणि शब्बीरभाई शववाहिकेवर लागले. तीस वर्षांची त्यांची सवय अशी की गाडी हलवण्याआधी आरशात बघून विचारायचं, "सगळी बसली का नीट?" पहिल्या दिवशी तिथंही त्यांनी विचारलं. शेजारी बसलेला किटमधला माणूस फिस्सकन हसला. मग त्यानंच खाली उतरून मागचं दार नीट लागलंय का ते बघितलं.

रमजान चालू होता. दिवसभर रोजा आणि दिवसभर फेऱ्या. एका संध्याकाळी रोजा सोडायच्या आधी त्यांचा मला फोन आला.

"शिरोळचे मास्तर हुते आज. कागदावर नाव वाचलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जरा लांबनं नेलं त्यास्नी," शब्बीरभाई म्हणाले. "पंचगंगेच्या कडंनं. डावीकडनं दिसंल अशी."

तेव्हापासून ते 'सगळी बसली का' असं विचारत नाहीत. मागं येऊन माणसं मोजतात.

*

गाडी शेवटी सुटली तेव्हा आणखी एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला होता. तक्ता तोच. खोडलेल्या नावांवर नवी नावं चढली होती. काकू लेकीचा हात धरून आल्या. पायरी पायानं चाचपत चढल्या, डावीकडच्या पहिल्या खिडकीत बसल्या आणि शेजारी लेक बसली. काकूंना आता उजेड आणि अंधार तेवढा कळत होता.

गाडी निघायच्या बेतात असताना डिझेलच्या वासानंच मागं इचलकरंजीच्या एक बाई उलट्या करायला लागल्या. त्यांना गाडी लागायची, आणि खिडकी त्यांच्या वाट्याला आली नव्हती. सगळ्या खिडक्या भरलेल्या. कुणी उठेना. तक्ता काखेत धरून मी पुढं आलो. मला वाटलं, मी शहाणपणाचंच बोलतोय.

"काकू, एक विचारू? मागं एका बाईंना त्रास होतोय. तुम्ही जरा आत सरकलात तर खिडकी त्यांना देता येईल. तुम्हाला तसंही..."

पुढचं मी गिळलं, पण सगळ्यांना कळायचं ते कळलं. लेकीनं मान खाली घातली.

काकूंनी माझ्या आवाजाकडं तोंड वळवलं. "ही जागा तक्त्यावर कुणी लिवलीया?"

"मास्तरांनी."

"आन तुमचा नियम काय हाय?"

मी तक्ता काखेतून काढून हातात घेतला.

"सांगा की. भितीवर रंगवलाय न्हवं?"

"ज्यानं लिहिलं, त्यानंच येऊन खोडायचं."

"मग बोलवा त्यास्नी," काकू म्हणाल्या. "त्यांनी येऊन खोडलं की लगीच उठते."