पेटी थंडच होती

शंकरसिंग राठोडचा पणजा बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचा. शंकरसिंग मोटरसायकलवर लस वाहतो. मुकुटबनच्या पुढे डोंगराकडे वळलं की आधी त्याचा तांडा लागतो, मग दगडाधोंड्यांची वाट चढून कोलाम आदिवासींची वस्ती, म्हणजे पोड. महिन्यातून एकदा तो आरोग्य केंद्रातून निळी पेटी उचलतो आणि दोन्हीकडे पोचवतो. पेटीची बडदास्त जावयासारखी. चारही बाजूंनी बर्फ, आत थर्मामीटर, वरून ओलं फडकं. पेटी सोबत असली की शंकरसिंग वाटेत चहालासुद्धा थांबत नाही.

गेल्या हिवाळ्यात पोडावर तीन लेकरांना गोवर निघाला. तिघांच्याही कार्डावर दोन्ही डोसांची नोंद होती. सुखीबाई टेकामची राखी त्यातलीच. वय अडीच वर्षं, वजन साडेसात किलो. तिला धाप लागली तेव्हा शंकरसिंगनं मायलेकींना मागे बसवून वणीचा दवाखाना गाठला.

इकडे जिल्ह्याहून साहेब चौकशीला आले. लस घेतलेल्याला गोवर होतो म्हणजे लस वाटेत तापली असणार, हे ते गाडीतून उतरायच्या आधीच ठरवून आले होते.

"पेटी कोण आणतं?"

"मीच आनतो साहेब."

"कुठे थांबतोस?"

"कोठीच नाही. कायले थांबू?"

मग पेटीत बर्फ भरला, साहेबांचा माणूस मागे बसला आणि शंकरसिंगनं पोडापर्यंत एक खेप मारून दाखवली. वर पोचल्यावर थर्मामीटरवर चार अंश, म्हणजे लसीला हवे तेवढेच. वर्ष-दीड वर्षापूर्वी टोचलेल्या लसीची चौकशी अशी शास्त्रशुद्ध पार पडली. मागे बसलेल्या माणसाची कंबर मात्र धरली.

आरोग्य केंद्राची पुष्पा सिस्टर शेजारीच उभी होती. टोचणारी तीच. ती म्हणाली, "साहेब, त्याच पेटीतली लस तांड्यावरच्या लेकरायले देल्ली. तिथं एकालेही गोवर नाही. ह्या तिघायची वजनं तं पाहा."

"वजन आपल्या खात्यात येत नाही," साहेब म्हणाले. "ते दुसऱ्या खात्याचं. आणि त्यांच्या अहवालात या पोडावर कुपोषित मूल शून्य आहे."

अहवालात पेटीचा पट्टा सैल असल्याचं नमूद झालं. नवा पट्टा मंजूर झाला. शंकरसिंगला एक दिवसाचं प्रशिक्षण मिळालं. त्यात पेटी उचलायची कशी ते शिकवलं.

राखी बारा दिवसांनी बरी झाली. तिला आणायला तो वणीला गेला तेव्हा वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना त्यानं हळूच विचारलं, "बाई, माह्या पेटीत खोट होती का?"

"तसं दिसत नाही. पोरगी फार खंगलेली आहे. अंगात काहीच नसलं की लस टोचूनही शरीर कधी कधी पुरती तयारी करू शकत नाही. सगळ्यांचं असं होत नाही, पण होतं. लस द्यायचीच, आणि खायलाही द्यायचं."

"खायले काय भेटते व पोडावर?" त्यानं सुखीबाईला विचारलं.

"अंगणवाडीची खायची पाकिटं येत होती. दोन पोळे झाले, नाही आली."

शंकरसिंग दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गोदामात गेला. पाकिटं छतापर्यंत रचलेली.

"पोडावर गाडी जात नाही," गोदामवाला म्हणाला. "रस्ताच नाही तिथं. कागदावर तसं आहे."

"मी तं दर महिन्याले जाऊन राह्यलो."

"तू लसीचा माणूस."

"मंग लस कशी जाते? उडून?"

गोदामवाल्याला हसू आलं. सही घेऊन त्यानं दोन पोती सोडली. त्या बुधवारी, लसीच्या दिवशी, पेटी पुढे टाकीवर आणि पोती मागे, अशी वरात चढावर निघाली. पुढच्या महिन्यातही तेच. राखीचं वजन आठ किलो सातशे भरलं आणि टोचायला नव्हे, नुसतं तोलायला घेतलं तरी तिनं सिस्टरला लाथ मारली.

तिसऱ्या महिन्यात जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाची नोटीस आली. लसवाहतुकीच्या वाहनावरून अन्य खात्याचा माल कोणाच्या परवानगीने नेला, खुलासा करावा आणि सदर माल तात्काळ गोदामात परत जमा करावा.

शंकरसिंगनं ती पुष्पाकडून दोनदा वाचून घेतली.

"काय लिहू?" तिनं विचारलं.

"खरं ते लिही. माल लेकरायनं खाल्ला."

तिनं तसंच लिहिलं, खाली त्याची सही घेतली. खुलासा पोचल्याची पावती आली. माल परत कसा घ्यायचा याबद्दल कार्यालयानं अजून काही कळवलेलं नाही.