पैनगंगेच्या दरडीतला दात

पिशवीत छिन्नी, हातोडा आणि दात गुंडाळायला एक जुनं धोतर घेऊन मी कनेरगाव नाक्यावर एसटीतून उतरलो. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. सकाळचे नऊही वाजले नव्हते, तरी डांबर चपलेला चिकटत होतं. हॉटेलवाल्यानं मला बघताच बजावलं, "चहा पाह्यजे तेवढा घ्या, पानी मागू नका." भाकरी आणि ठेचा खाल्ला. पाणी मागितलं नाही.

मी पुण्यात पाटे-वरवंटे विकतो. रस्त्याच्या कडेला बसून लोकांच्या बोथट जात्यांना छिन्नीनं टाकी लावत लावत दुकान उभं केलं. दोन वर्षांपूर्वी खडीच्या ढिगात मला बदामाच्या आकाराचा एक दगड सापडला होता. दोन्ही अंगांनी कपच्या काढून धार आणलेली. असा घाव पाण्याचा नसतो, हाताचा असतो, हे मला अंधारातही कळतं. तो घेऊन मी एका मोठ्या अभ्यासकांकडे गेलो. "कुठल्या थरातला?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. "मग आमच्या दृष्टीनं हा नुसता दगड," असं म्हणून त्यांनी मला दारातूनच वाटेला लावलं. मी शिव्या घालत घरी आलो.

माणूस वाईट, पण त्यांचं भाषण मी दोनदा ऐकलं होतं. फार पूर्वी पाऊस हटत गेला, झाडी विरळ झाली, गवताळ रानं पसरली. उरलेल्या डोहांवर जनावरंही यायची आणि माणसंही. पाण्यासाठी लांब चालायचं, ओझं वाहायचं, जागा ध्यानात ठेवायची. ज्यांना हे जमलं ती माणसं टिकली, आपण त्यांचे वंशज. हे ऐकताना अंगावर काटा आला होता, तेही खरं.

पुढे एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं की नाक्याजवळ पैनगंगेच्या दरडीत विटेएवढा दात आहे, दगड झालेला. तो थरासकट पाहायचा, काढायचा आणि त्या गृहस्थांच्या टेबलावर आदळायचा, एवढ्यासाठी मी इथवर आलो होतो.

नदी म्हणजे गोट्यांचा पांढरा रस्ता झाला होता. दरडीखाली झिरा (पात्रात उकरलेला पाण्याचा खड्डा) दिसला आणि मी धावत जाऊन ओंजळ बुडवली.

"ओ भाऊ! काहून पेता? आधी उपसा न!"

साठीची एक बाई घमेलं घेऊन उभी होती. मागे चौघीजणी हसत होत्या. तिचं नाव सुभद्राबाई. पलीकडे निळा झेंडा दिसत होता त्या वस्तीतली. झिऱ्याचा रिवाज असा की येणाऱ्यानं दहा घमेली वाळू उपसायची, मग पाणी प्यायचं.

"मी पाहुणा आहे," मी म्हणालो.

"पाव्हन्याला आठ."

आठ उपसली. कंबर धरली. पाणी गढूळ होतं, पण गार होतं.

दात समोरच होता, दरडीत कोपराच्या उंचीवर. वर चकाकी, मधे घड्या घातल्यासारख्या रेघा. भाषणात दाखवलेली हत्तीची दाढ हुबेहूब अशीच होती. मी लगेच सौद्याला बसलो.

"मावशी, हा मला द्या. मी जात्यांना टाकी लावणारा माणूस, नवं जातं पाठवतो."

"न्हाई."

"जातं आणि पाटा."

"पाटा बी न्हाई, वरवंटा बी न्हाई."

बायका खिदळल्या आणि माझं डोकं फिरलं. "अहो, नुसता दगड आहे तो! तुमच्या काय कामाचा?"

बोललो आणि थबकलो. हे वाक्य कुणाचं ते मला चांगलं ठाऊक होतं.

सुभद्राबाई चिडली नाही. दाताला पाठ लावून उभी राहिली आणि मोजून सात पावलं चालली. सातवं पाऊल झिऱ्याच्या काठावर पडलं.

"दर सालच्या पुरात झिरा बुजून जाते," ती म्हणाली. "मग उन्हाळ्याला असं उभं राहाचं अन् खंदाचं. मामंजीनं दावलं, त्याहीले त्याहीच्या बापानं. गावच्या हिरीवर आमाले कोनी वाढील तवा पानी. हितं कोनाची वाट पाहाची न्हाई. दात नेला, तर म्या सुनंला काय दावू?"

मी दरडीजवळ गुडघ्यावर बसलो. गोट्यांच्या थरात दात, आणि त्याच्या खाली चिकण मातीचा काळा पट्टा सरळ झिऱ्याकडे उतरलेला. जुन्या डोहाचा तळ. तो हत्ती इथं पाण्याच्या आशेनं आला असणार. तेच पाणी त्याच मातीनं अजून धरून ठेवलं होतं, आणि जागा ध्यानात ठेवणारी माणसं वर उभी होती.

"थर तरी मोजू द्या," मी म्हणालो. सुभद्राबाईनं स्वतः हात लावून मोजले: वर तीन हात काळी माती, मग दोन हात वाळू, मग गोटे. मी तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं.

"टाकी लावता म्हन्ता, तं आमचं जातं भोथरलंय," ती म्हणाली. दात काढायला आणलेली छिन्नी मग दुपारभर तिच्या अंगणात चालली. सुनेनं पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाली, "बराबर."

पुण्याला पोचलो त्याच दिवशी त्या अभ्यासकांना कार्ड टाकलं: "थर सापडला. मापं सोबत. दात जागेवरच आहे आणि तिथंच राहील. पाहायचा असल्यास यावे. पाहुण्याला आठ घमेली आहेत, तुम्हाला दहा सांगून ठेवली आहेत."