सासऱ्यांच्या साखरेचा गुरुवार

माझ्या सासऱ्यांना साखर निघाली त्या दिवशी घरात दोन निर्णय झाले. पहिला डॉक्टरांनी घेतला: सासऱ्यांनी भात, बटाटा, साबुदाणा, रताळं आणि गोडधोड सोडायचं. दुसरा सासूबाईंनी घेतला: नवऱ्याची साखर उतरावी म्हणून त्यांनी स्वतः दत्ताचे गुरुवार धरायचे. आता गुरुवार धरला की त्या दिवशी खायचं काय, तर बटाटा, साबुदाणा, रताळं आणि गोडधोड. डॉक्टरांनी एका ताटातून जे काढलं ते देवाने शेजारच्या ताटात वाढलं, आणि ही वाटणी सुरतेत डिंडोलीच्या आमच्या घरात सगळ्यांना रास्त वाटली.

सगळे म्हणजे चौघे. सासरे सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रोसेसिंग मिलमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई धुळ्याकडच्या, लग्न होऊन सुरतेला आल्या त्या इथल्याच झाल्या, पण दोघांचं आपसातलं बोलणं अजून अहिराणीच. माझा नवरा कापड मार्केटात हिशेब लिहितो आणि घरात कोणत्याच बाजूने बोलत नाही. मी नाशिकची, इथे मराठी शाळेत शिकवते, आणि नवऱ्याच्या वाट्याचंही बोलते.

रताळ्याबद्दल आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून माझं रताळ्याशी वैर आहे असं कोणाला वाटायला नको. वैर असलंच तर माणसांशी आहे. सासूबाईंच्या हातच्या रताळ्याच्या किसाला तोड नाही. त्या रताळं सालासकट किसतात, लोखंडी कढईत तूप सैल हाताने सोडतात, जिरं, हिरवी मिरची, आणि मग झाकण न ठेवता कडेकडेचा कीस लालसर कुरकुरीत होईपर्यंत परतत राहतात. दाण्याचं कूट शेवटी आणि लिंबू थेट ताटात. एकादशीला गुळातल्या फोडी. जाड चकत्या तुपात दोन्ही अंगांनी खरपूस करायच्या, वर गूळ आणि वेलची, आणि गूळ चकतीला धरायला लागला की गॅस बंद. संध्याकाळी एखादं उकडलेलं रताळं दुधात कुस्करून. थंडीत जाळीवर भाजलेलं, तिखटमीठ आणि लिंबू लावून, तेही उभ्या उभ्याच, बशीपर्यंत ते पोचतच नाही. गुरुवारी मी डब्यात कीस नेते आणि स्टाफरूममधल्या गुजराती बाई माझी तब्येत नेमकी गुरुवारीच विचारतात.

तर सासूबाईंचे गुरुवार सुरू झाले. आमच्या लोकांचं उपासाचं गणित मला कधीच कोणी समजावून सांगितलं नाही, ते आपसूक कळतं. उपासाच्या दिवशी जे पोटात जातं ते खाल्लं असं धरत नाहीत. सकाळी भगर, दुपारी कीस, चारला वेफर्स, रात्री दुधातलं रताळं, आणि शेजारणीने जेवलात का विचारलं की उत्तर ठरलेलं: नाही हो, आज उपास. सासूबाई हे उत्तर अगदी खरेपणाने द्यायच्या. त्यांना खरंच आपण उपाशी आहोत असं वाटायचं.

सासऱ्यांची मात्र पंचाईत झाली. त्यांच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि मेथी, आणि समोर तुपात परतलेल्या किसाचा वास. हा माणूस आयुष्यभर रंगखात्यात मान ताठ करून वावरलेला, कापडाची शेड नुसत्या डोळ्याने सांगणारा, त्यामुळे पोराटोरांसारखं मागून खाणं त्यांना शोभेना. मग त्यांनी युक्तिवाद सुरू केले. नैवेद्याचं ताट झाल्यावर ते म्हणायचे की प्रसाद नाकारू नये. संक्रांतीला समोरच्या घरून उंधियू आला तेव्हा त्यांनी त्यातली रताळ्याची एकूण एक फोड शोधून खाल्ली आणि भाजीत पडलं की रताळं भाजीच होतं असं मला बजावलं. शाळेत माझी मुलं याहून बऱ्या सबबी सांगतात.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेही त्यांनी मनावर घेतलं. इतकं की थंडीच्या दिवसांत ते चहाचीही वाट न बघता बाहेर पडायचे. त्यांची फेरी नेमकी त्या नाक्यापर्यंत असायची जिथे एक भैया कोळशावर शकरकंद, म्हणजे रताळीच, भाजतो. तिथून ते परत यायचे तेव्हा मिशीला चाट मसाला असायचा. मी एकदा बोलले. ते म्हणाले, धूळ आहे, सुरतेत रस्ते खोदलेत. रस्ते खोदलेले होते हे खरं.

याचा परिणाम असा की साखर काही उतरेना. डॉक्टरांनी विचारलं तर सासरे म्हणायचे की सगळं बंद आहे, आणि सासूबाई शेजारी बसून मान डोलवायच्या, कारण त्यांना ते खरं वाटायचं. मग घरी येऊन त्या विचारात पडायच्या. नवरा सगळं पाळतोय आणि तरी साखर हटत नाही, म्हणजे आपलंच काहीतरी कमी पडतंय. म्हणून गुरुवारच्या जोडीला एकादशी आली. तेवढ्यानेही भागेना म्हणून संकष्टी आली. नाक्यावर सासरे जितकी रताळी खायचे, तितके घरी सासूबाईंचे उपास वाढायचे, आणि उपास वाढले की घरातली रताळी वाढायची. बाजारातली भाजीवाली मावशी तर आम्हाला बघूनच पिशवी भरायला घ्यायची.

त्यात सासूबाईंनी स्वतःवर आणखी एक नियम घालून घेतला. केलेलं काही उरता कामा नये. उरलं तर ह्यांच्या डोळ्यासमोर राहील, ह्यांचा जीव तिकडे जाईल, मग हात जाईल. मी शाळेतून आले की माझ्या वाटचं काढून दिलेलं असायचं आणि बाकीची कढई त्या ओट्याशी उभ्या राहून संपवायच्या. भूक असो नसो. नवऱ्याला मोह होऊ नये म्हणून ही बाई गुळातल्या फोडी औषधासारख्या गिळायची. मी म्हटलं, आई, कमी करा ना. त्या म्हणाल्या की थोडंसं केलं तर उपास देवाला पोचत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्या थकल्यासारख्या दिसायला लागल्या. दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा, तांब्याभर पाणी पिऊन पुन्हा पाणी मागायच्या, पायाचं बोट ठेचकाळलं ते कितीतरी दिवस बरं होईना. घरात यावर एकमत झालं की हा उपासाचा अशक्तपणा. मग अशक्तपणावर उपाय काय, तर सासरे स्वतः बाजारात जाऊन चांगली जाड, ताजी रताळी निवडून आणायचे. बायकोसाठी त्यांनी केलेली ही पहिली खरेदी, आणि तिचं त्यांना फार कौतुक होतं. चारचौघांत सांगायचे.

अशात सासऱ्यांचा लॅबवरचा विश्वास उडाला. मिलमध्ये रंगाच्या लॅबशी भांडण्यात त्यांची सगळी हयात गेलेली, त्यामुळे लॅबचा कागद म्हणजे कोणीतरी बसल्याबसल्या ठोकलेला अंदाज असं त्यांचं ठाम मत. आपली साखर खरी वाढलेलीच नाही, मोजणारे चुकताहेत, असं ते म्हणायला लागले. शेवटी माझ्या नवऱ्याने घरी साखर मोजायचं मशीन मागवलं. रविवारी सकाळी ते टेबलावर ठेवून आम्ही चौघे भोवती बसलो. सुई बघितल्यावर सासऱ्यांचा चेहरा उतरला. उकळत्या रंगात हात घातल्याच्या गोष्टी सांगणारा हा माणूस बोट पुढे करेना. मग त्यांना सुचलं की आधी मशीन बरोबर आहे का ते पाहावं, एखाद्या धडधाकट माणसावर.

घरात धडधाकट कोण, हा प्रश्नच नव्हता. सासूबाईंना कधी काही झालेलं नव्हतं, कारण त्यांना कधी कोणी तपासलंच नव्हतं. त्यांनी पदराला हात पुसला आणि बोट पुढे केलं, तेही नवऱ्याकडे बघत, दुखत नाही हे त्याला कळावं म्हणून हसत.

मशीनवर जो आकडा आला तो सासऱ्यांच्या आजवरच्या कोणत्याही रिपोर्टपेक्षा मोठा होता. मी दोनदा वाचला. सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली.

"पाहा, मशीन खराब शे," ते म्हणाले. इतके खुश मी त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही पाहिलं नव्हतं. त्या आनंदाच्या भरात त्यांनी आपणहून बोट दिलं. त्यांचा आकडा लॅबच्या कागदाशी जवळजवळ तंतोतंत जुळला. म्हणजे मशीन चांगलं होतं. हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग माझा नवरा, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला की उद्या मी सुट्टी घेतो, आईला दवाखान्यात नेतो.

दवाखान्यात मीही गेले. डॉक्टरांनी सासूबाईंना साधे प्रश्न विचारले, तहान लागते का, रात्री उठावं लागतं का, डोळ्यांना अंधुक दिसतं का. सासूबाई बोलायला लागल्या आणि बोलतच राहिल्या. सगळं होत होतं, महिनोन्‌महिने होतं. विचारणारं कोणी भेटलं नव्हतं इतकंच. खाण्यात काय असतं, यावर त्या म्हणाल्या, काही नाही, उपास असतात. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. उपास आजपासून बंद, गोळ्या सुरू, आणि पायाच्या बोटाची जखम रोज दाखवायची, ती चिघळली तर बोट जाऊ शकतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

रिक्षात सासूबाई रडल्या. बोटासाठी नाही. नेम अर्धवट सुटला, उद्यापन राहिलं, आता ह्यांची साखर वर गेली तर, म्हणून रडल्या. मला त्या वेळी इतका संताप आला की मी बाहेर बघत बसले. सासऱ्यांचा आला, नवऱ्याचा आला, आणि खरं सांगायचं तर सर्वांत जास्त सासूबाईंचाच आला. स्वतःच्या जिवाची जिला काडीइतकी किंमत नाही अशा बाईची काळजी करायची तरी कुठून सुरुवात करायची, मला कळेना.

सासऱ्यांना मात्र मनापासून वाईट वाटलं. तो मान त्यांना द्यायला हवा. दोन दिवस ते नाक्याकडे फिरकले नाहीत, सासूबाईंच्या गोळ्या हातात काढून द्यायचे, रोज पायाचं बोट बघायचे. बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. काहीतरी ठरवून आल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एवढी वर्षं हिने माझ्यासाठी केलं, आता माझी पाळी, असं काहीसं आमच्याकडे बघून बोलले आणि मग सासूबाईंकडे वळले.

"आते तुनासाठे मी गुरवार धरसू," ते म्हणाले. आता तुझ्यासाठी मी गुरुवार धरणार.

डोळे भरून आले होते त्यांचे. ते पाणी खोटं नव्हतं, याची मी साक्ष देईन. पण गुरुवार धरल्यावर ताटात काय येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, याची नाही देणार.

सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"आनि तुमना फराय कोन करी?" त्यांनी विचारलं, तुमचा फराळ कोण करणार म्हणून. "मीच ना."

माझा नवरा हसला. मग मीही हसले, आणि थोडं ओशाळून सासरेही हसले, दुखरं काही निघून गेल्यासारखं वाटलं. सासूबाई हसल्या नव्हत्या. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दुखऱ्या पायावर भार न देता ओट्यापर्यंत गेल्या, खालच्या टोपलीतली रताळी काढली आणि सकाळपर्यंत माती सुटावी म्हणून पाण्यात टाकली.